पाहुण्यांची लाईन वेगळी

पोलीस ठाणे लाखनी, जि. भंडारा
दिनांक १९/०१/२०२६

जबाब देणाऱ्याचे नाव : यादोराव दसाराम हत्तीमारे, वय ६४ वर्षे, व्यवसाय शेती व बी-बियाण्याचे दुकान, रा. महामार्गालगत, लाखनी, ता. लाखनी, जि. भंडारा.

आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून हकिगत सांगतो ती अशी की, मी वरील पत्त्यावर पत्नी शकुनबाई व सून रीना यांचेसह राहतो. मुलगा मनिष हा रायपूर येथे खाजगी कंपनीत नोकरीस असून सुट्टीत घरी येतो. मुलगी भूमेश्वरी हिचे लग्न वरठी येथील वीरेंद्र परसराम कापगते याचेशी झालेले आहे. वीरेंद्रचे वरठी येथे मोबाईल व सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे दुकान आहे. म्हणजे ज्याचेबद्दल मला विचारले जात आहे तो माझा जावई आहे. हे मी आधीच सांगून ठेवतो.

आमच्या इमारतीत खाली माझे दुकान व त्यामागे आमचे राहते घर आहे. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर लॅब आहे. वर जाण्यास घराच्या बैठकीतून एक जिना असून रस्त्याच्या बाजूने दुसरा जिना आहे, तो फक्त क्लास व परीक्षेच्या वेळी उघडतो. एरवी लॅबमध्ये मुलांचे क्लास चालतात. भरतीच्या ऑनलाइन परीक्षा असल्या की परीक्षा घेणारी कंपनी लॅब भाड्याने घेते.

लॅब माझी सून रीना चालविते. लग्नाआधी ती नागपूर येथे एका कंपनीत नेटवर्कचे काम पाहत होती. लग्नानंतर इथे आली तेव्हा वरचा मजला माझ्या खताच्या पोत्यांनी भरलेला होता. लॅब काढायची म्हटल्यावर मी तिला म्हणालो होतो की लाखनीत कोण येणार. आता साकोलीचीच काय, तुमसरकडचीही मुले येतात. परीक्षा कंपनीचे निरीक्षक आमच्या केंद्रावर आले की वायरी पाहत नाहीत, सरळ चहा घेतात, एवढे मी स्वतः पाहिलेले आहे.

लॅबचे नेटवर्क म्हणजे काय हे मला रीनाने समजावून सांगितले तेवढेच माहीत आहे. सर्व कॉम्प्युटर वायरीने एका मोठ्या पेटीला जोडलेले असतात. प्रत्येक मशीनला स्वतःचा नंबर असतो. ज्या मशीनचा नंबर रीनाने त्या पेटीत आधी भरून ठेवला आहे त्यालाच लाईन मिळते. अनोळखी मशीन कोणी लावले तर ती जागा आपोआप बंद पडते व रीनाच्या मोबाईलवर सूचना येते. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी तिने वायफाय वेगळे ठेवले असून त्याचे नावच 'पाहुणे' असे आहे. ते इंटरनेटला जाते, लॅबकडे जात नाही. माझा मोबाईल सुद्धा त्यावरच आहे. मनिष एकदा दिवाळीत आला असता त्याने लॅपटॉपला लॅबची लाईन मागितली होती. तिने नवऱ्यालाही दिली नाही. तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला तेव्हा मी हसलो होतो.

दिनांक १८ रोजी रविवारी एका भरतीची परीक्षा आमच्या लॅबमध्ये होणार होती. आदल्या दिवशी शनिवारी दुपारी भूमेश्वरी व वीरेंद्र हे संक्रांतीच्या वाणासाठी म्हणून कारने आमच्या घरी आले. येण्याचा निरोप वीरेंद्रनेच दिला होता. एरवी तो दुकान सोडून येत नाही, म्हणून आम्हाला आनंद झाला. शकुनबाईने कोंबडीचा रस्सा व वडे करायला घेतले.

बैठकीत बसल्यावर वीरेंद्रने रीनाला वायफाय मागितले. तिने 'पाहुणे'चा पासवर्ड दिला. थोड्या वेळाने तो म्हणाला की हे फार हळू चालते.

"वहिनी, मले आतली लाईन द्या ना. एक मोठी फाईल पाठवाची आहे."

रीना म्हणाली, "भाऊजी, आतली लाईन उद्याच्या परीक्षेची आहे. कोणालेच देत नाही."

"मी काय कोणीही आहे का?"

त्यावर मी मध्ये बोललो. मी म्हणालो, "दे ना वं रीना. पाहुण्याले नाराज कायले करून राहिली? पाच मिनिटांचं काम असन."

ती म्हणाली, "मामाजी, फाईल मले द्या म्हणा, मी दुकानातल्या कॉम्प्युटरवरून पाठवून देते." असे म्हणून तिने हात पुढे केला. वीरेंद्र म्हणाला राहू द्या. मला त्यावेळी रीनाचा थोडा राग आला होता. जावयाला घरात नाही म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

त्यानंतर वीरेंद्र म्हणाला की आलोच आहे तर वरचे कॅमेरे पाहून घेतो. लॅबमधील कॅमेरे त्यानेच बसवून दिलेले आहेत, त्यामुळे त्यात कोणाला गैर वाटले नाही. रीना त्यावेळी स्वयंपाकघरात शकुनबाईला मदत करीत होती. वीरेंद्र एकटाच जिन्याने वर गेला व काही वेळाने खाली येऊन सोफ्यावर बसला. "एक कॅमेरा ढिला होता, टाईट केला," असे म्हणाला.

त्याच सुमारास रीना स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने बाहेर आली, कोणाशी न बोलता वर गेली व लगेच खाली आली. मला म्हणाली, "मामाजी, जरा मागे येता?" मी मागच्या अंगणात गेलो.

तिने मला मोबाईलवरील सूचना दाखवली. मला ती वाचून समजली नाही. तिने सांगितले की कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग करणारी मशीन ज्या लहान खोलीत आहे त्याच खोलीत लॅबची मोठी पेटीही आहे. त्या पेटीतील कॅमेऱ्याच्या मशीनची वायर काढून त्या जागी एक साबणाच्या वडीएवढी काळी डबी लावलेली आहे. त्या डबीमार्फत बाहेर बसलेला माणूस उमेदवाराचा कॉम्प्युटर चालवू शकला असता. डबीचा नंबर अनोळखी असल्यामुळे लाईन मिळाली नाही व ती जागा बंद पडली. तिने डबीला हात लावला नव्हता. खोलीला कुलूप घातले होते आणि चावी तिच्या मुठीत होती.

मी विचारले, "पाहुण्यानंच लावली हे पक्कं आहे का?"

"त्यांच्याशिवाय वर कोणी गेलं नाही, मामाजी."

यानंतर मी तिला काय म्हणालो तेही लिहून घ्यावे. मी म्हणालो, "वायर काढ, डबी त्याले वापस दे, मी त्याले समजावतो. घरची गोष्ट घरात राहू दे."

ती म्हणाली, "परीक्षा आपल्या घरची नाही, मामाजी."

"लाईन तर भेटली नाही म्हणतेस. मग नुकसान काय झालं?"

"इथं नाही भेटली. मी चूप राहिली तर हीच डबी पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाच्या लॅबमधी लागन. तिथं भेटन. मग रात्रंदिवस अभ्यास करणारं कोणाचं तरी लेकरू घरी बसन, अन् त्याले समजणारही नाही आपण काहून बसलो ते."

मी म्हणालो, "भूमेश्वरीचं काय?"

तिच्या हाताचे पीठ वाळून गेले होते, ते ती खरवडत होती. मग म्हणाली, "भूमेश्वरीताईले मी सांगते. तुमी नका सांगू."

तिने माझ्यासमोर परीक्षा कंपनीच्या निरीक्षकांना फोन केला. ते भंडाऱ्याला होते, निघतो म्हणाले. फोनवर तिने वीरेंद्रचे नाव सांगताना "माझे नंदोई" असे स्पष्ट सांगितले. आवाज चढवला नाही की चोरलाही नाही. नंतर ती भूमेश्वरीला घेऊन स्वयंपाकघरात गेली व दार लोटून घेतले. दोघींमध्ये काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. शकुनबाई आत होती, तिला मी विचारलेले नाही. दार उघडल्यावर भूमेश्वरी बैठकीत आली व वीरेंद्रसमोर मांडलेले ताट उचलून आत घेऊन गेली.

वीरेंद्र म्हणाला, "काहून, जेवण नाही का?"

भूमेश्वरी परत येऊन उभी राहिली. म्हणाली, "आधी वर काय लावलं ते सांगा."

तो हसला. कॅमेरा दुकानातून पाहता यावा म्हणून डबी लावली असे म्हणाला. रीना म्हणाली, "भाऊजी, कॅमेरा पाहाले डबी लागत नाही. तुमीच मले शिकवलं होतं ते."

"तुमाले नाही समजत त्यातलं, वहिनी."

"मग साहेब येऊन राहिले, त्यांच्यासमोर समजावून सांगा. मीही ऐकते."

साहेब येत आहेत हे ऐकताच वीरेंद्र उठला व जिन्याकडे धावला. रीना त्याच्या आधी जिन्यावर पोहोचली. वर लॅबच्या दरवाज्याशी वीरेंद्रने तिला त्या खोलीची चावी मागितली. तिने दिली नाही. त्याने तिला ढकलले. तिचा उजवा हात दरवाज्याच्या लोखंडी जाळीवर आदळला, त्याचा आवाज मला खाली ऐकू आला. मी वर गेलो तेव्हा ती दरवाज्याला पाठ लावून उभी होती, उजवा हात छातीशी धरलेला होता व चावी डाव्या हातात होती. ती रडत नव्हती. वीरेंद्र दोन पायऱ्या खाली उभा राहून म्हणत होता, "वहिनी, माझी पण मजबुरी समजा. तिकडले लोक मले सोडणार नाहीत." तिकडचे लोक म्हणजे कोण, हे मला माहीत नाही. त्याने सांगितले नाही.

रीनाने माझ्याकडे पाहिले व म्हणाली, "मामाजी, मी एकटीनं दरवाजा नाही धरू शकत."

एवढेच म्हणाली. मी दरवाज्याबाहेर पडलेली एक प्लास्टिकची खुर्ची घेतली, जिन्याच्या वरच्या तोंडाशी मधोमध टाकली व त्यावर बसलो. जिना अरुंद आहे. मी बसल्यावर माणूस जाण्यास जागा राहत नाही.

वीरेंद्र म्हणाला, "मामाजी, बाजूले व्हा."

मी म्हणालो, "पाहुणे, तुमी मले उचलून बाजूले ठेवा, मग जा."

लग्नात मी त्याचे पाय धुतलेले आहेत. धोंड्याच्या महिन्यात व दरवर्षी दिवाळीला त्याला ओवाळलेले आहे. त्याने माझ्या खांद्यापर्यंत हात आणला होता, पण लावला नाही. ही गोष्ट त्याच्या बाजूची आहे व ती मला लपवायची नाही.

तो खाली उतरला. भूमेश्वरीला म्हणाला, "चल, निघ." ती म्हणाली, "तुमी जा." तो कारने साकोलीच्या दिशेने निघून गेला. मी खुर्चीवरून उठलो नाही. शकुनबाईने वर पाणी आणून दिले. रीना माझ्यामागे भिंतीला टेकून बसली होती. मी तिला विचारले, फार दुखते का. ती म्हणाली, "दुखते." त्याआधी तिने तक्रार केली नव्हती.

चारच्या सुमारास निरीक्षक व नंतर पोलीस आले. रीनाने डाव्या हाताने कुलूप उघडून दिले. पोलिसांनी पंचांसमक्ष डबी काढून सील केली. डबी काढायच्या आधी फोटो घ्या, वायर कुठल्या जागेत आहे ते दिसू द्या, हे रीनाने सांगितले. मला पंच होण्यास विचारले असता मी नातेवाईक असल्याने नको असे रीनानेच सुचविले, ते पोलिसांनाही पटले. त्यानंतर मी तिला दवाखान्यात नेले. मनगटाचे हाड चिरले असून प्लास्टर घातले आहे.

दुसऱ्या दिवशी परीक्षा होणार की नाही याची आम्हाला खात्री नव्हती. निरीक्षक म्हणाले की सर्व तपासून ठरवू. रविवारी सकाळी कंपनीची दोन माणसे येऊन त्यांनी लॅबचे नेटवर्क तपासले. कोणत्या मशीनला कधी लाईन मिळाली याची नोंद त्या पेटीत असते म्हणतात. मी दाराशी उभा होतो. त्यातील एक जण रीनाला म्हणाला, "मॅडम, कॅमेरे परीक्षेच्या नेटवर्कपासून इतके वेगळे ठेवायला तुम्हाला आमच्यापैकी कोणी सांगितले होते का?" ती म्हणाली, "नाही. कॅमेरे पाहुणेच ना." तो हसला व परीक्षा घ्यायला हरकत नाही असे निरीक्षकांना म्हणाला.

परीक्षेच्या वेळी रस्त्याकडील जिन्याशी उमेदवारांचे मोबाईल, घड्याळे जमा करण्याचे काम होते. नेहमी ते काम करणारा माणूस आला नव्हता. भूमेश्वरी स्वतःहून टेबलाशी जाऊन बसली. तिचे डोळे सुजलेले होते. प्रत्येकाला ती म्हणत होती, "मोबाईल इथं ठेवा, परीक्षा झाली की घेऊन जा. घाबरू नका." एक मुलगी घड्याळ काढायला तयार नव्हती, आजीचे आहे म्हणाली. भूमेश्वरीने ते स्वतःच्या हातात बांधले व सांगितले की मी इथून उठणार नाही. ती उठली नाही. पाणी प्यायलाही नाही.

रीना आत प्लास्टरचा हात टेबलावर ठेवून डाव्या हाताने काम करीत होती. मी मध्ये एकदा काचेतून पाहिले. सगळी मुले खाली मान घालून बसली होती. कॉम्प्युटरच्या पंख्यांचा आवाज येत होता. त्या मुलांना आदल्या दिवशी काय झाले याची काहीच कल्पना नव्हती. परीक्षा संपल्यावर मुले जिन्यावरून गलबला करीत उतरली, कोणता प्रश्न कसा आला ते एकमेकांना विचारत होती, आणि महामार्गावर बससाठी जाऊन उभी राहिली.

वीरेंद्रला पोलिसांनी रविवारी वरठी येथून ताब्यात घेतल्याचे मला ठाण्यातून कळले.

आज सकाळी माझे व्याही परसराम कापगते हे आमच्या घरी आले. मी त्यांना बसवले, चहा दिला. ते म्हणाले, "यादोरावजी, पोराची जिंदगी बरबाद होऊन जाईन. सुनेले सांगा, कागद वापस घे म्हणा. तुमचं ऐकन ते."

मी म्हणालो, "व्याहीबुवा, लॅब तिची, हात तिचा, सही तिची. मी सांगणारा कोण?"

"तुमची लेक आमच्या घरी हाय."

मी म्हणालो, "सध्या माझ्या घरी आहे."

परसरामजींनी कप खाली ठेवला व रीनाला बोलवा म्हणाले. मला वाटले ते तिला विनवतील किंवा रागावतील. ती आली. त्यांनी तिच्या प्लास्टरकडे पाहिले. ती वाकून डाव्या हाताने त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. नंतर "माहा पोरगा चुकला, बाई" असे म्हणून ते उठले. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो.

मला विचारले की तुम्ही जावयाविरुद्ध कोणाच्या दबावाखाली बोलत आहात काय. तर नाही. रीनाने मला इथे येण्यास सांगितलेले नाही. उलट सकाळी ती म्हणाली, "मामाजी, तुमाले जड जात असन तर राहू द्या, माझा जबाब झाला आहे." मी तिला म्हणालो की दरवाजा धरायला तू मला बोलावले होतेस, मग आता मध्येच कसा सोडू. तेव्हा ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. भूमेश्वरीने मला जाताना माझा खांद्यावरचा दुपट्टा आणून दिला व स्वतः मोटारसायकलवर मागे बसून ठाण्यापर्यंत आली. ती बाहेर बाकावर बसलेली आहे. तिचा जबाब ती स्वतः देणार आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखविला, तो मी लक्ष देऊन ऐकला. एका ठिकाणी मी त्यांना थांबविले. घरच्या माणसांची माहिती लिहिताना रीनाच्या नावापुढे व्यवसाय 'घरकाम' असे पडले होते. ते खोडायला लावून तिथे 'परीक्षा केंद्र व नेटवर्क प्रमुख' असे लिहवून घेतले आहे आणि खोडलेल्या जागी माझी सही केली आहे. बाकी जसे मी सांगितले तसेच लिहिले आहे व खरे आहे.

सही
(यादोराव दसाराम हत्तीमारे)

समक्ष
पोलीस हवालदार, पोलीस ठाणे लाखनी